बाणातला ण

अब्बा,

आज मी शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी आले. घसा बसलाय, असं सांगून आले. तुमच्या जावयांनी सुंठ आणि तुळस घालून काढा करून दिला, समोर बसून पूर्ण प्यायला लावला आणि बोलू नकोस म्हणून ताकीद देऊन ते बाजारात गेले. नात तुमची कॉलेजात गेली आहे. घरात कुणी नाही. बोलायचं नाही म्हटल्यावर लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली आणि तुम्हाला मी एकदाही पत्र लिहिलेलं नाही. जिवंत होतात तेव्हा गरज पडली नाही, कारण जयसिंगपूर ते कोल्हापूर अंतर ते केवढं, आणि तुम्ही दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं यायचातच. आता लिहितेय ते एक गोष्ट विचारायला. दवाखान्यात त्या दिवशी तुम्ही पाणी तोंडानं का मागितलं नाहीत?

पण एकदम तिथं जायला नको. तुम्ही नेहमी म्हणायचात की मी गोष्ट शेंड्याकडून सांगते.

मला तुमची आठवण येते ती स्वयंपाकघरातली. अम्मा गेली तेव्हा मी आठ वर्षांची. त्यानंतर चुलीपुढे तुम्ही. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, एका हातात फुंकणी, आणि मी समोर पाटावर. नाटक कंपनी मुक्कामाला कोल्हापुरात असली की सकाळचा तो एक तास आपला दोघांचा. तुम्ही एक खेळ काढला होता. तुम्ही नक्कल करायची आणि मी शब्द ओळखायचा. "सांग बगू, ह्ये काय हाय?" असं म्हणून तुम्ही दोन्ही हातांनी रवी घुसळायला लागायचात, मधेच थांबून मडक्यात बोट घालून चाखायचात, आणि मी ओरडायची, लोणी! तुम्ही डोळे मिटायचात. "परत." लोणी. "आनि एकदा." लोणी. मग डोळे उघडून माझ्या तळहातावर चार शेंगदाणे. पाठीमागून काहीतरी ओढून एक डोळा बारीक केलात की बाण. वाकून सडा घातलात की अंगण. केसांतून बोटं फिरवलीत की फणी, आणि ती बोटं तीन पदर गुंफायला लागली की वेणी. वेणी करताना तर तुमची मान अशी काही कलायची की पुरुष चुलीपुढं बसलाय हेच मी विसरायची. सगळे शब्द मी म्हणायची. तुम्ही एकही म्हणायचा नाहीत. सगळ्या शब्दांत एकच अक्षर होतं, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. मराठीची शिक्षिका मी.

तुम्ही मूकपटात होता हे मला समजायला लागल्यापासून ठाऊक होतं. आपल्या गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. तुमचा एक प्रसंग होता, तुमच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलेला. लढाई संपलीय, जखमी मावळा झाडाला टेकून पडलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाणी मागतोय. पंचगंगेच्या काठावर भर उन्हात, चकाकत्या पत्र्यांचा उजेड तोंडावर घेऊन तुम्ही तो केलात. डाव्या हाताची अर्धी ओंजळ, उजव्या हाताची तीन बोटं ओठांकडे, आणि नजर समोरच्याच्या हातावर. तोंडाकडे बघायचं नाही, हातावर बघायचं, कारण तहानलेला माणूस चेहरा बघत नसतो, भांडं बघतो, असं तुम्ही मला सांगितलं होतं. कुरुंदवाडला तंबूत हा खेळ चालू असताना एक म्हातारी आपला तांब्या घेऊन उठली आणि पडद्याकडे चालू लागली. "आरं कुनीतरी पानी द्या की त्येला!" पेटीवाला वाजवायचा थांबला. ही गोष्ट सांगताना तुम्ही म्हातारी व्हायचात, पेटीवाला व्हायचात, तंबूतली सगळी माणसं व्हायचात आणि शेवटी परत मावळा. मी हसून हसून लोळायची.

मग बोलपट आले आणि तुमचा आवाज गेला. असं आपल्या घरात सांगायचे. नेमका त्याच वेळी घसा बसला, बसला तो बसलाच, आणि काम दुसऱ्याकडे गेलं. म्हणून तुम्ही नाटक कंपनीत गेलात, म्हणून तिथं भालदार, पहारेकरी, दरबारातला चवरीवाला, आणि पुढं ते मुक्या नोकराचं काम, जे तुम्ही पंधरा वर्षं केलंत आणि ज्याला तुमच्या एन्ट्रीलाच टाळी पडायची. आवाज गेलेल्या माणसाला मुक्याचं काम, यात विचारण्यासारखं काय होतं? तोच आवाज गेलेला माणूस संध्याकाळी गल्लीच्या टोकावरून "ए पोरीऽऽ, जेवाय चल" अशी हाक मारायचा आणि ती तालमीपर्यंत ऐकू जायची. मला त्यात काही खटकलं नाही. आईबाप सांगतात ते आपण मुलं किती बिनतक्रार गिळतो, नाही?

कंपनी मोडली, तुम्ही स्टुडिओत ड्रेपरीत लागलात. गर्दीतल्या माणसांना फेटे बांधायचं काम. माझी नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी मी तशीच धावत स्टुडिओत आले, दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला. लाल मातीत ओळीनं पंचवीसएक माणसं उभी आणि तुम्ही एकेकाच्या भोवती फिरत फेटा चढवताय. कापडाचं टोक तुमच्या दातांत. मी कागद दाखवला आणि म्हणाले, अब्बा, जयसिंगपूरला, हायस्कुलात, मराठी! तुम्हाला बोलता येईना, दात मोकळे नव्हते. तुम्ही फेटा सोडलात तरी चाललं असतं. पण तुम्ही हवेतच एक फळा काढलात, त्यावर खडूनं लिहिलंत, वळून वर्गावर डोळे वटारलेत, आणि मग हळूच भात्यातून एक बाण काढून, दोरी कानापर्यंत ओढून, सोडलात. तो बाण कुठं लागला हे आपल्या दोघांनाच माहीत. पंचवीस मावळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तुम्ही त्या बिचाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा अर्धा बांधलेला फेटा उलगडलात आणि माझ्या डोक्याला बांधलात. जांभळा होता. "आता कोन काय म्हनतंय बगू," एवढंच म्हणालात. त्या दिवसाइतकी उंच मी पुन्हा कधी झाले नाही.

कोण काय म्हणतंय, ते मला लगेच कळलं. मुसलमानाची मुलगी मराठी शिकवणार? तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण पालकांपैकी दोघे-तिघे मुख्याध्यापिकाबाईंकडे जाऊन आले होते. बाई तशा चांगल्या होत्या, पुण्याकडच्या, शब्द नाण्यासारखा वाजवून घेणाऱ्या. वर्गाबाहेर उभ्या राहून माझे उच्चार ऐकायच्या. दोन वर्षं त्यांना माझ्यात एक चूक सापडली नाही. सापडणार कुठून, मी शेंगदाण्यांवर तयार झालेली. तरी पण मी धास्तावलेलीच असायची. दुसऱ्याची एक मात्रा चुकली तर चूक असते, माझी चुकली असती तर तो पुरावा झाला असता. आणि त्याच सुमाराला, कायम करायचं की नाही हे ठरायच्या आधी, एका रविवारी बाई आमच्या घरी चहाला आल्या.

तुम्ही आला होतात. नात दीड वर्षाची, तुमच्या मांडीवर. बाई बसल्या, मी आत चहाचं बघत होते, आणि तुम्ही उठून पितळी तांब्या आणि फुलपात्र घेऊन बाहेर आलात. कंपनीत मोठ्या माणसांसमोर वाकायचात तसे वाकलात, आणि म्हणालात, "घ्या बाई, पानी घ्या. उनाचं आलायसा."

बाईंच्या भुवईकडे माझी नजर गेली. ती हलली की मला हलल्यासारखी वाटली, देव जाणे. मी दारातूनच, हसत हसत, वर्गात म्हणते तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "अब्बा, पानी नव्हे, पाणी! ण बाणातला!"

बाई हसल्या. वाईट नाही हसल्या, बायका एकमेकींच्या घरच्या म्हाताऱ्यांवर हसतात तशा. मीही हसले. तुम्ही तर सगळ्यांत जास्त हसलात, कानाची पाळी धरलीत, आणि नातीला उचलून अंगणात गेलात. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. तुम्ही पेढे घेऊन आलात आणि एका शब्दानं काही दाखवलं नाहीत.

शब्दानं दाखवणार कसं, हे आता कळतंय. त्या रविवारनंतर माझ्या घरी कुणी बाहेरचं माणूस असलं की तुम्ही बोलायचा नाहीत. नात बोलायला लागली तसा तुम्ही दोघांनी 'मुकं पिच्चर' नावाचा खेळ सुरू केलात. पाव्हणे आले की आजोबा मुके. हातवाऱ्यांनी त्यांचं स्वागत, हातवाऱ्यांनी चहा-साखरेची चौकशी, आणि नात दुभाषी. शेजारपाजारची मुलं खिडकीत गर्दी करायची. सगळे म्हणायचे, काय हौशी म्हातारा हो तुमचा! मीही म्हणायची. आणि आपण दोघंच असलो की तुम्ही बोलायचात, पण कसं, ते मी आज एकेक वाक्य आठवून तपासते. पाणी मागायचा नाहीत, "तांब्या भरून दे गं" म्हणायचात. कोण आलंय विचारायचा नाहीत, "कुठला गडी आलाय?" विचारायचात. बहात्तरच्या दुष्काळात सगळा देश एकाच गोष्टीबद्दल बोलत होता, आणि तुम्ही पेपर मिटून नुसतं म्हणायचात, "हिरी आटल्या समद्या." आठ वर्षं तुम्ही माझ्या घरात एक अक्षर चुकवून चालत होता, रस्त्यातलं डबकं चुकवावं तसं. आणि मी त्याच खोलीत बसून मुलांच्या वह्यांतले न आणि ण लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत होते.

मग तो दवाखाना. कोल्हापुरातच, मोठा वॉर्ड, दुपारची भेटायची वेळ, खाटेखाटेला माणसं. छातीत कफ होता, पण बोलत होता तुम्ही. सकाळीच माझ्या कानाशी लागून नातीच्या परीक्षेचं विचारलं होतंत. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही माझ्या हाताला हात लावलात आणि डाव्या हाताची अर्धी ओंजळ केलीत. उजवी तीन बोटं ओठांकडे. नजर माझ्या हातावर.

मी म्हणाले, "अब्बा, इथं कशाला खेळ? बोला की तोंडानं. काय हवंय?"

तुम्ही आजूबाजूला बघितलंत. वॉर्ड भरलेला होता. मग माझ्याकडे बघून हसलात, मान हलवलीत, आणि पुन्हा तीच ओंजळ. शेजारच्या खाटेपाशी कुणाची तरी आई बसली होती, शिरोळकडची असावी, हिरवं लुगडं नेसलेली. तीच उठली तांब्या घेऊन. "आगं पोरी, बगत काय बसलीयास? पानी मागतोय न्हवं तुझा बा!" तिनंच तुम्हाला पाजलं. तुम्ही डोळे मिटलेत, लोणी ऐकताना मिटायचात तसे. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

चौथ्या दिवशी तुमचे ते मेकपवाले दोस्त आले, मूकपटापासूनचे. भिंतीला टेकून बसले, तुमच्या मावळ्याची गोष्ट निघाली, आणि मी म्हणाले, घसा बसला नसता तर अब्बांचं बोलपटात नाव झालं असतं. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं बोलले. "घसा? कशाचा घसा? आवाज म्हंजे नगारा हुता त्येचा. एका अक्षरावर गेला गडी." त्यांनी सांगितलं ते असं. तोच चित्रपट बोलका करायचा ठरला. तोच मावळा, तोच प्रसंग, तुम्हीच. आता फक्त म्हणायचं होतं, पाणी. यंत्र लावलं, दिग्दर्शकानं खूण केली आणि तुम्ही म्हणालात, पानी. पुन्हा. पानी. पुन्हा. सकाळचं ऊन डोक्यावर आलं. तुम्हाला त्या दोन अक्षरांतला फरक ऐकूच येत नव्हता म्हणे, आपल्या घरात कुणीच तो शब्द दुसऱ्या तऱ्हेनं म्हटलेला नव्हता. शेवटी दिग्दर्शक वैतागून सगळ्या युनिटसमोर ओरडला, "अरे पानी नव्हे, पाणी! ण बाणातला, बाणातला!" आणि सगळे हसले. "म्या बी हसलो बेटी," चाचा म्हणाले, आणि त्यांनी डोळ्याला टोपी लावली. दुपारी तुमच्या अंगावरचा पोशाख उतरवून दुसऱ्याला घातला. घरी येऊन तुम्ही आजीला सांगितलंत, आवाज बसलाय. आजीनं महिनाभर काढा दिला आणि तुम्ही महिनाभर तो प्यायलात, बऱ्या घशानं.

पुढं फरक ऐकू यायला लागला तुम्हाला, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर डोळे मिटून ऐकायचात. जिभेला जमलं नाही ते कानानं शिकलात, आणि मला दिलंत. माझ्या तोंडात जो ण आहे तो तुमचा आहे, अब्बा. तुम्ही तो तुमच्याकडे नसताना मला दिलात, आणि मी तोच दारात उभी राहून तुमच्यावर सोडला. शब्दसुद्धा तेच. नेमके तेच. इतक्या वर्षांनी ते तुमच्या कानावर माझ्या तोंडून पडले तेव्हा तुम्हाला काय झालं असेल, याचा मी विचार करायला लागले की मला हातातलं काम ठेवून द्यावं लागतं.

म्हणून विचारते, दवाखान्यात श्वास पुरत नव्हता म्हणून खूण केलीत, की भरल्या वॉर्डात लेकीची लाज जाऊ नये म्हणून? की तुम्हाला एकदा शेवटचा तो मावळा करायचा होता, आणि मी तो ओळखेन असं वाटलं होतं? यांतलं पहिलं असावं म्हणून मी बारा वर्षं देवापुढे हात पसरते. तिसरं असलं तर मला त्याचं सगळ्यांत जास्त वाईट वाटेल, कारण हा खेळ मी कधी हरले नव्हते.

आज काय झालं ते सांगायचं राहिलं. आठवीत एक मुलगी आलीय, शिरोळकडच्या मळ्यातून, दोन वेण्या, लाल फिती. धडा वाचायला उभी केली. छान वाचत होती, विरामचिन्हांपाशी थांबत. विहिरीच्या वर्णनाला आली आणि म्हणाली, "पानी." वर्ग हसला. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि अब्बा, माझं तोंड उघडलं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं, पाचही शब्द, चालीसकट. ते मी गिळलं, पण त्याजागी दुसरं काही आलंच नाही. पोर उभी, मी उभी. शेवटी मी घशाला हात लावला आणि फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज बसला आहे.' मग तिच्या खांद्यावर हात ठेवला, बोटानं पुढची ओळ दाखवली आणि तिला धडा संपेपर्यंत वाचू दिलं. पुढं तो शब्द अजून तीनदा आला. तिन्ही वेळा तिनं तो तिच्यासारखाच म्हटला, आणि मी डोळे मिटून ऐकला.

उद्या तिला काय शिकवायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. शिकवलं नाही तर उद्या दुसरं कुणीतरी तिला हसेल. शिकवायचं तर शेंगदाणे घेऊन जावं लागेल.

हे पत्र वह्यांच्या कपाटात जाईल. टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठला? पण मिटण्याआधी एक सांगून टाकते, कारण ते सांगितल्याशिवाय वरचं सगळं अर्धं खोटं आहे. तुम्ही पाव्हण्यांसमोर बोलायचं सोडलंत, हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं मी वर भासवलंय. कळलं होतं. त्याच रविवारी, तुम्ही कानाची पाळी धरलीत तेव्हाच कळलं होतं. आणि मला बरं वाटलं होतं.

घसा माझा ठणठणीत आहे, अब्बा. काढा मात्र पूर्ण प्याले.